वादळ नसलेल्या वर्षांचं काम

१२ नोव्हेंबर १९७०च्या रात्री बंगालच्या उपसागरातून आलेल्या चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानचा दक्षिण किनारा धुऊन नेला. मृतांचा आकडा तीन लाख ते पाच लाख असा सांगितला जातो. नेमका आकडा कधीच निघाला नाही, कारण कोण कोण गेलं हे सांगायलाही कुणी उरलं नव्हतं अशा वस्त्या होत्या. एकट्या तजुमुद्दीन ठाण्याच्या हद्दीत १ लाख ६७ हजारांपैकी जवळपास ४५ टक्के माणसं गेली.

या वादळावर नील फ्रँक आणि एस. ए. हुसेन यांनी पुढच्याच वर्षी लिहिलेला शोधनिबंध अजूनही अभ्यासकांच्या वाचनात असतो. त्यात एक निरीक्षण आहे. किनाऱ्यावरच्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना वादळ येतंय हे ठाऊक होतं. पक्क्या इमारतीत आसरा घ्यायला गेले ते मात्र जेमतेम एक टक्का.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की मदतकार्याबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुती डळमळतात. बातमी पोचली नाही म्हणून माणसं मेली, असं इथे म्हणता येत नाही. उपग्रहाने वादळ टिपलं होतं, रेडिओवरून इशारे दिले जात होते. पण रेडिओ ऐकून भरल्या घरातून, अंधारात, भर पावसात, लेकरंबाळं काखोटीला मारून निघायचं तर सांगणारा माणूस विश्वासातला लागतो. जायचं कुठे हे आधीपासून माहीत असावं लागतं. गोठ्यातल्या जनावरांचं काय करायचं याचं उत्तर लागतं. गावात हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तरी जायला जागा फारशी नव्हती.

हा सांगणारा माणूस कुठून येतो, तो कोण तयार करतं, आणि मुख्य म्हणजे दहा-पंधरा वर्षं वादळच आलं नाही तरी तो टिकतो कसा, हा या प्रकरणाचा विषय आहे. मदतसंस्थांच्या कागदपत्रांत याला ‘स्थानिक शाखांची क्षमताबांधणी’ असं भारदस्त नाव आहे. नाव कंटाळवाणं असलं तरी काम तसं नाही. किंवा खरं सांगायचं तर काम कंटाळवाणंच आहे, आणि त्याचं सगळं मोल त्या कंटाळ्यातच आहे.

रेडक्रॉस म्हटलं की आपल्याला रक्तपेढी आठवते, प्रथमोपचाराचा वर्ग आठवतो, नाहीतर कुठल्यातरी विमानतळावर उतरणारी तंबूंची आणि औषधांची खोकी. ही चळवळ तीन थरांची आहे. युद्धभूमीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय समिती १८६३ सालची. देशोदेशीच्या राष्ट्रीय सोसायट्यांचा महासंघ १९१९चा. त्याचं जुनं नाव लीग. आज त्यात १९१ सोसायट्या आहेत, काही रेडक्रॉस तर काही रेड क्रेसेंट. आणि या सोसायट्यांच्या पोटात जिल्हा, तालुका, गाव अशा उतरत्या क्रमाने जवळपास दोन लाख शाखा आणि दीड कोटीहून अधिक स्वयंसेवक. बातम्यांत वरचे दोन थर दिसतात. पहिल्या काही तासांत ढिगाऱ्यातून किंवा पाण्यातून माणूस ओढून काढतो तो तिसरा थर, कारण तेवढ्या वेळात दुसरं कुणी पोचूच शकत नाही.

चळवळीच्या जन्मकथेतही हेच आहे, फक्त ती सांगताना आपण ते गाळतो. जून १८५९मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हाँरी द्यूनाँ या स्विस व्यापाऱ्याने हजारो जखमी तडफडताना पाहिले आणि तो मदतीला धावला, इतकं शाळेत शिकवतात. पण जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायका तिथे जखमींना पाणी पाजत, जखमा धूत होत्या, त्यांना कुणी प्रशिक्षण दिलेलं नव्हतं. द्यूनाँने १८६२ साली पुस्तक लिहिलं तेव्हा त्यात मांडलेली सूचना अगदी व्यवहारी होती: युद्ध सुरू झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा शांततेच्या काळातच ठिकठिकाणी स्वयंसेवकांच्या संस्था उभ्या कराव्यात, त्यांना आधीच शिकवून तयार ठेवावं. दीडशेहून अधिक वर्षं झाली तरी देणगीदारांच्या गळी ही सूचना उतरवणं अवघडच आहे. युद्धाला, वादळाला पैसे मिळतात. शांततेला मागितले की कपाळाला आठ्या पडतात.

बांगलादेशात मात्र शांततेच्या काळातलं हे काम घडलं, आणि बरंचसं नीट घडलं, म्हणून ते उदाहरण तपशिलात पाहू.

१९७२ साली, देश नुकताच स्वतंत्र झालेला असताना, लीग आणि बांगलादेशची राष्ट्रीय सोसायटी यांनी मिळून चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू केला. तिथे तो ‘सीपीपी’ या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. लीगच्या एका स्वीडिश प्रतिनिधीने त्याची घडी बसवली. तेव्हा साहजिक वाटलं असतं ते असं, की वेगवान बोटी आणाव्यात, मोठी गोदामं बांधावीत, राजधानीत एक बचावपथक ठेवावं. त्याऐवजी किनाऱ्यावरच्या वस्तीचे दोन-तीन हजार माणसांचे तुकडे पाडले गेले आणि प्रत्येक तुकड्याला एक युनिट दिलं गेलं. युनिटमधले स्वयंसेवक त्याच गावचे, गावानेच निवडलेले, बिनपगारी. सुरुवातीला ते सगळे मिळून वीस हजारांच्या आसपास होते. आज ७६ हजारांच्या वर आहेत.

युनिटची रचना जवळून बघण्यासारखी आहे. काम पाच भागांत वाटलेलं: इशारा देणं, निवाऱ्यात नेणं, सुटका, प्रथमोपचार, आणि मदतवाटप. इशारा देणाऱ्याकडे एक ट्रान्झिस्टर, एक हातकर्णा, हाताने फिरवायचा भोंगा, बॅटरी आणि झेंडे. अंगावर रेनकोट, पायात गमबूट. ढाक्यातल्या हवामान खात्याकडून निघालेली सूचना बिनतारी संदेशयंत्रणेने विभागीय कचेरीत, तिथून उपजिल्ह्यात, पुढे युनियनमध्ये, म्हणजे काही गावांच्या गटात, आणि तिथून युनिटप्रमुखाकडे येते. टेलिफोनच्या तारा वादळात सगळ्यात आधी तुटतात, म्हणून बिनतारी यंत्रणा.

झेंड्यांची गोष्ट तर खास आहे. आपल्याकडे कोकणात ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला’ अशी बातमी पावसाळ्यात दर वर्षी वाचायला मिळते. हे बावट्यांचे आकडे मुळात जहाजांच्या कप्तानांसाठी ठरवलेले. बांगलादेशातही तसंच होतं. तिथल्या पद्धतीत पाच, सहा आणि सात या इशाऱ्यांची तीव्रता सारखीच. फरक इतकाच की वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार. आठ, नऊ आणि दहाचंही तेच. कप्तानाला या फरकाचा उपयोग आहे. शेतात राबणाऱ्याला मात्र वाटतं की पाच म्हणजे थोडं, सात म्हणजे जास्त, तेव्हा सात होईपर्यंत थांबू. सीपीपीने हा गुंता सोडवला तो सोप्या रीतीने. चार नंबरला एक झेंडा, पाच ते सातला दोन, आठ ते दहाला तीन. तीन झेंडे लागले की निघायचं, त्यात विचार करायचा नाही. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही तीनपर्यंत मोजता येतं.

पण झेंडा लावणारा पोरगा कोण, यावर लोक उठणार की नाही हे ठरतं. तो गावातला असतो. त्याची स्वतःची आईही त्याच पुराच्या वाटेत राहत असते. वादळाच्या दोन हंगामांआधी, एप्रिल-मेच्या आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या, गावात रंगीत तालीम होते. लोकगीतं, नाटकं यांतून तेच तेच पुन्हा सांगितलं जातं. या सगळ्याला खर्च किती? एका हेलिकॉप्टरच्या उड्डाणांच्या मानाने नगण्य. फक्त तो दर वर्षी करावा लागतो. वादळ येवो न येवो.

आणि इथेच या कथेतली सगळ्यात महत्त्वाची घटना येते. वर्षभरातच, १९७३च्या मध्यात, लीगने या कार्यक्रमातून अंग काढून घ्यायचं ठरवलं. परदेशी संस्था निघून गेली की मागे काय होतं हे आपण सगळे जाणतो: पाट्या गंजतात, गाड्यांची चाकं बसतात, शिकवलेली माणसं दुसरीकडे नोकरीला लागतात. इथे तसं झालं नाही. जुलै १९७३पासून बांगलादेश सरकारने खर्चाची जबाबदारी उचलली आणि कार्यक्रम सरकार व राष्ट्रीय सोसायटी (आजची रेड क्रेसेंट) असा दोघांचा मिळून झाला. पगारी कर्मचाऱ्यांचा आणि यंत्रणेचा भार सरकारच्या अंदाजपत्रकावर पडला, स्वयंसेवक मात्र सोसायटीचे राहिले. माझ्या मते लीगचं हे लवकर निघून जाणं कार्यक्रमाच्या पथ्यावरच पडलं. मूल फार काळ दुधावर ठेवलं की त्याला भाकरी चावत नाही. पुढेही परदेशी मदत येत राहिली, पण ती पाहुण्यासारखी आली. घर चालवायला नव्हे.

याचा अर्थ सगळं सुरळीत झालं असा नाही. २९ एप्रिल १९९१च्या रात्री चितगाव आणि कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर वादळ धडकलं. दहा नंबरचा इशारा गेला होता, स्वयंसेवक दारोदार फिरले होते, त्यांच्यातलेही काही जण त्या रात्री गेले. तरी सुमारे १ लाख ३८ हजार माणसं मेली. पहिलं कारण उघड होतं: पक्के निवारे फारच कमी. माणसांना उठवून उभं करायचं आणि नेऊन बसवायला छप्पर नसायचं, अशी अवस्था. दुसरं कारण त्याहून अवघड होतं. वीस ते चव्वेचाळीस वयोगटात पुरुषांमध्ये हजारी १५ मृत्यू झाले, तर बायकांमध्ये हजारी ७१. जवळपास पाचपट.

हे का झालं त्याचा शोध घेतला तेव्हा यंत्रणेची एक उणीव उघडी पडली. इशारा पुरुष स्वयंसेवकाने बाजारात, चहाच्या टपरीवर, मशिदीच्या आवारात पुरुषांना सांगितलेला. घरातल्या बाईला तो पोचला तर नवऱ्याकडून, आणि नवरा घरी नसला तर ती त्याची वाट बघत बसली. नवऱ्याला न विचारता मुलांना घेऊन परक्या पुरुषांनी भरलेल्या एका खोलीच्या निवाऱ्यात रात्र काढायची ही कल्पनाच तिला सहन होणारी नव्हती. निवाऱ्यात वेगळी जागा नाही, शौचालय नाही. पाण्यात सापडल्यावर अंगावरची साडी पायात अडकते. कडेवरचं मूल सोडता येत नाही.

ही उणीव जिनिव्हाच्या मुख्यालयातून दिसणं कठीण, ढाक्याहूनही. ती गावातल्या गावात दिसायला हवी होती. पण तिथली युनिटंच बहुतांशी पुरुषांची असल्यामुळे तिथेही ती दिसली नाही. स्थानिक असणं म्हणजे आपोआप सगळ्यांचं असणं, असा एक भाबडा समज मदतकार्यात आहे. शाखा स्थानिक असते म्हणजे बऱ्याचदा ती गावातल्या वजनदार मंडळींची असते. पुढच्या काळात युनिटांत बायका घेतल्या गेल्या. आधी दर युनिटमागे थोड्या, आणि आता वीस जणांच्या युनिटमध्ये निम्म्या. निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या झाल्या. बरेचसे निवारे शाळांच्या इमारती म्हणून बांधले गेले, म्हणजे एरवीही दार उघडं, झाडलोट झालेली, आणि मुलांना वाट पाठ. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. फक्त वादळासाठी बांधलेल्या इमारतीची किल्ली वादळाच्या रात्री सापडत नाही.

गुरांचा प्रश्न मात्र अर्धवट सुटला. सत्तरच्या दशकातच किनाऱ्यावर मातीची उंच, रुंद टेकाडं घातली गेली होती. त्यांना तिथे ‘मुजीब किल्ला’ म्हणतात. पाणी वाढलं की जनावरं त्यावर न्यायची. कल्पना उत्तम. पण डागडुजीकडे दुर्लक्ष झालं, पावसाने माती धुपली, काही टेकाडांवर लोकांनी घरं बांधली. ज्याच्या घरी दोन गाई आहेत तो, सांगा कितीही, त्या सोडून निवाऱ्याकडे जात नाही. अलीकडे हे किल्ले पुन्हा बांधून काढायचं काम सरकारने हाती घेतलं आहे.

१५ नोव्हेंबर २००७ला आलेल्या सिड्र वादळात सुमारे ३,४०० माणसं मेली. तेही कमी नाही, पण १९९१शी ताडून पाहिलं तर उतार मोठा आहे. या वादळातला एक धडा शाखांच्या कामाशी थेट जोडलेला आहे. दोनच महिने आधी, सप्टेंबरमध्ये, सुमात्राजवळच्या भूकंपानंतर बांगलादेशात त्सुनामीचा इशारा दिला गेला होता. लोक घरदार सोडून निघाले. त्सुनामी आलीच नाही. मग नोव्हेंबरमध्ये पुन्हा कर्णे वाजले तेव्हा ‘मागल्या खेपेसारखंच’ म्हणून बरेच जण घरी थांबले. खोट्या ठरलेल्या इशाऱ्याचा भुर्दंड खऱ्या इशाऱ्याला बसतो, आणि तो भरून काढायला पुन्हा त्या गावातल्या पोरालाच दारोदार जावं लागतं. कुठलंही यंत्र ते करत नाही.

मे २०२०मध्ये अम्फान वादळ आलं तेव्हा करोनाच्या साथीतही सुमारे २४ लाख लोकांना हलवलं गेलं आणि बांगलादेशातल्या मृतांची संख्या वीस-तीसच्या घरात राहिली. हे यश एकट्या युनिटांच्या पदरात टाकणं अन्यायाचं होईल. हवामानाचा अंदाज सुधारला, निवारे हजारोंनी वाढले, बंधारे झाले, मोबाइल आले, आणि प्रत्येक वादळ वेगळं असतं; अम्फान आधी पश्चिम बंगालवर आदळलं. तरीही नव्वद आणि एक टक्का या १९७०च्या आकड्यांमधली दरी बुजवायला उपग्रह पुरा पडला नव्हता हे विसरून चालणार नाही.

आता बांगलादेश सोडून एकूणच शाखांकडे बघू. जगभर रेडक्रॉसच्याच नव्हे, कोणत्याही मोठ्या मदतसंस्थेच्या खालच्या शाखा आजारी पडतात त्या साधारण एकाच रीतीने. आपत्ती येते. पैशांचा लोंढा येतो. कालपर्यंत एका खोलीत बसणारी शाखा सहा महिन्यांत चाळीस माणसं नोकरीवर ठेवते. तीन देणगीदार, तिघांचे हिशेबाचे तीन नमुने, तिन्ही इंग्रजीत. शाखेचा सचिव दिवसभर वाटप करतो आणि रात्री रकाने भरतो. जुने स्वयंसेवक बघतात की आपल्या शेजारी तेच काम करणाऱ्याला पगार आहे. काही खट्टू होऊन घरी बसतात, काही पगारी होतात. दीड वर्षाने प्रकल्प संपतो. चाळीस जण जातात. अंगणात एक गाडी उभी राहते, डिझेलला पैसे नसलेली, आणि कपाटात प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं. आपत्तीपूर्वी शाखा जेवढी होती त्याहून आता ती लहान असते, कारण तिचे बिनपगारी स्वयंसेवक गेलेले असतात.

२००४च्या त्सुनामीनंतर जगभरच्या मदतसंस्थांनी एकत्र येऊन आपल्याच कामाचं मोठं मूल्यमापन करवून घेतलं. स्थानिक संस्थांना बाजूला सारलं गेलं, त्यांची चांगली माणसं जास्त पगारावर ओढली गेली, हे त्यात स्पष्ट नोंदवलेलं आहे. २०१७ साली म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या निर्वासित काही महिन्यांत कॉक्स बाजारला आले, तेव्हा तिथल्या स्थानिक संस्थांची तक्रार शब्दाशब्दाने तीच होती. मधल्या काळात, मे २०१६मध्ये, इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी कबूल केलं होतं की २०२०पर्यंत मदतीच्या पैशातला किमान पंचवीस टक्के वाटा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना द्यायचा. २०२० उजाडलं तेव्हा थेट जाणारा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता.

देणगीदारांचीही एक बाजू आहे आणि ती फेटाळण्यासारखी नाही. त्यांना आपल्या संसदेला, करदात्याला हिशेब द्यावा लागतो. एका मोठ्या संस्थेला एक मोठा धनादेश दिला की एकच हिशेब तपासायचा. दोनशे शाखांना दिला तर दोनशे. आणि सगळ्याच शाखा काही धुतल्या तांदळासारख्या नसतात. वर्षानुवर्षं तोच अध्यक्ष, सभासदांची यादी जुनी, वार्षिक सभा फक्त कागदावर, असे नमुने प्रत्येक देशात सापडतात. तेव्हा ‘स्थानिकांना द्या’ एवढं म्हणून भागत नाही. पैसे पेलण्याची ताकद आधी हवी, हे खरं. पण ती ताकद यायला पैसे लागतात, आणि ते कुणी देत नाही. इथे गाडी अडते.

ही ताकद म्हणजे नेमकं काय? फार साध्या गोष्टी. हिशेब लिहिणारा एक माणूस, जो प्रकल्प संपला तरी जाणार नाही. दर वर्षी वेळेवर झालेलं लेखापरीक्षण. कचेरीचं भाडं आणि विजेचं बिल. स्वयंसेवकांची अशी यादी, की जिच्यातल्या नंबरवर फोन केला तर उचलला जातो. त्यांचा विमा, कारण पाण्यात उतरणारा पोरगा बुडाला तर त्याच्या घरच्यांना कुणी विचारत नाही, असं एकदा झालं की पुढच्या वेळी कुणी उतरत नाही. ठरल्या वेळी बदलणारी कार्यकारिणी. यांतल्या एकाही गोष्टीचा फोटो चांगला येत नाही. आंतरराष्ट्रीय संस्था आपल्या कारभारखर्चासाठी प्रकल्पाच्या रकमेत बहुतेक वेळा सात टक्क्यांच्या आसपास वाटा धरतात. तोच प्रकल्प प्रत्यक्ष राबवणाऱ्या शाखेला हा वाटा कित्येकदा मिळतच नाही. तिला फक्त तंबूंचे आणि तांदळाचे पैसे मिळतात. कचेरी जणू हवेवर चालते.

म्हणून शहाण्या शाखा स्वतःची मिळकत शोधतात. प्रथमोपचाराचे वर्ग कारखान्यांना फी घेऊन द्यायचे, रुग्णवाहिका चालवायच्या, मालकीची जागा भाड्याने द्यायची. केनियाच्या रेडक्रॉसने तर हॉटेलं काढली आणि रुग्णवाहिकांची कंपनी चालवली. धंदा म्हटला की जोखीम आली, आणि मदतसंस्थेने हॉटेल चालवावं का यावर नाकं मुरडणारेही भेटतात. पण दुष्काळ नसलेल्या वर्षी कर्मचाऱ्यांचा पगार कुठून येणार या प्रश्नाला त्यांनी निदान स्वतःचं उत्तर शोधलं.

महासंघाने शाखांसाठी एक आत्मपरीक्षणाची पद्धतही बसवली आहे. बाहेरचा तपासनीस येऊन गुण देण्याऐवजी शाखेचे पदाधिकारी, कर्मचारी आणि स्वयंसेवक एकत्र बसतात आणि एकेका मुद्द्यावर आपणच आपली पायरी ठरवतात: निवडणुका होतात का, हिशेब कोण बघतं, नवे स्वयंसेवक येतात का, गावातल्या कुणापर्यंत आपण पोचतच नाही. एखाद्या मुद्द्यावर अध्यक्ष वरची पायरी सांगतात आणि मागे बसलेली स्वयंसेविका खालची. मग दोघांनाही पुरावा मांडून बोलावं लागतं. खरं काम त्या वादावादीत होतं. आलेला आकडा वर पाठवायची घाई झाली, की मग सगळे आपल्याला वरच्या पायरीवर बसवतात.

आपल्याकडची रचना यापेक्षा वेगळी आहे. इंडियन रेडक्रॉस सोसायटी १९२०च्या कायद्याने स्थापन झाली. राष्ट्रपती तिचे अध्यक्ष, राज्यशाखेचे राज्यपाल, आणि जिल्हाशाखेचे अध्यक्ष सहसा जिल्हाधिकारी. याचा फायदा उघड आहे. साहेबांनी फोन केला की गाड्या निघतात. तोटाही तितकाच उघड: जिल्हाधिकाऱ्यांची बदली दोन-तीन वर्षांत होते, आणि नव्या साहेबांना रस असेल तर शाखा हलते, नसेल तर रक्तपेढीपुरती उरते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा प्रशासनाने लोकांना हलवलं, हे खरं आहे. पण कोकणात गावागणिक कर्णा आणि झेंडा घेतलेलं, बायका-पुरुष निम्मे निम्मे असलेलं युनिट नव्हतं. कोकणाला अशी वादळं क्वचित बघावी लागली होती, त्यामुळे त्याची गरजही कुणाला वाटली नव्हती. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६पासून ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवक तयार करायला घेतले. २०२१मध्ये ती ३५० जिल्ह्यांत, एक लाख स्वयंसेवकांच्या उद्दिष्टासह वाढवली. बारा दिवसांचं प्रशिक्षण, एक किट, ओळखपत्र. सुरुवात म्हणून हे चांगलंच आहे. फक्त त्या तरुणाला तेराव्या दिवसापासून कुणाशी बांधलेलं राहायचं, महिन्यातून एकदा कुठे जमायचं, तीन वर्षांनी त्याचा पत्ता बदलला तर यादीत तो कोण बदलणार, हे त्या त्या जिल्ह्यावर सोडलेलं आहे.

बांगलादेशातही जुनी घडी आता ताणली जातेय. किनाऱ्यावरची तरुण पोरं ढाक्याच्या कपड्यांच्या कारखान्यांत किंवा आखातात जातात, युनिटच्या यादीत त्यांची नावं राहतात. दुसरीकडे कॉक्स बाजारच्या छावण्यांत २०१८पासून हीच पद्धत रोहिंग्यांमध्ये नेली गेली. त्यांच्यातलेच हजारो स्वयंसेवक निवडले, त्यांना तेच एक, दोन, तीन झेंडे शिकवले. अडचण अशी की तीन झेंडे लागल्यावर जायचं कुठे? छावणीतल्या माणसाला कुंपणाबाहेर जायची मोकळीक नाही, आणि आत बांबू-ताडपत्रीच्या झोपड्यांपलीकडे पक्की इमारत शोधावी लागते. म्हणून तिथले स्वयंसेवक उतारावरची घरं आधी ओळखून ठेवतात, दोर आणि बांबू आधी वाटतात, आणि दरडीखालच्या कुटुंबांना शिक्षणकेंद्रांत किंवा मशिदींत हलवतात. शिवाय छावणीत इतर संस्था स्वयंसेवकांना रोजचा भत्ता देतात. किनाऱ्यावरच्या गावातला स्वयंसेवक पन्नास वर्षं फुकट राबत आलाय, आणि शेजारच्या छावणीतला भत्ता घेतो, ही गोष्ट गावात कळल्याशिवाय राहत नाही.

मे २०२३मध्ये मोखा वादळ कॉक्स बाजारच्या रोखाने निघालं आणि शेवटी वळून म्यानमारच्या सित्त्वेवर आदळलं. तिथे सरकारी आकड्यानुसारच १४५ माणसं मेली, त्यांत बहुतेक रोहिंग्या. कॉक्स बाजारच्या छावण्यांतही हजारो झोपड्यांचं नुकसान झालं. वादळ सरळ आलं असतं तर त्या यंत्रणेचं काय झालं असतं, याची परीक्षा अजून झालेली नाही. भत्त्याच्या प्रश्नावरही एकमत नाही. दिला तर गावोगावच्या ७६ हजारांना द्यावा लागेल आणि तेवढे पैसे सरकारकडे नाहीत. नाही दिला तर कारखान्यात दिवसाची मजुरी बुडवून तालमीला येणारी पोरं किती वर्षं येतील, हे युनिटप्रमुखांना आता सभेत उघड विचारलं जाऊ लागलंय.